हँडल गेलं आणि दुसरी बॅटरी आली

पाम-टेंभीच्या पट्ट्यात थार दिसली तर आता कोणी वळून बघत नाही. आठवडाभर तारापूर एमआयडीसीतली पाळी, शनिवारी दुपारी गाडी बाहेर काढायची आणि चिल्हार फाटा, मनोर, विक्रमगड करत जव्हार गाठायचं, असा अनेकांचा शिरस्ताच झालाय. ही मंडळी एकत्र आली की एक वाद हमखास निघतो: गाडीला एकच बॅटरी पुरे, की दुसरी बसवावी? मागे वळून पाहिलं तर या वादाचं उत्तर प्रत्येक पिढीच्या गाडीबरोबर बदललेलं दिसतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला 6 व्होल्टची बॅटरी होती. पुढे महिंद्राने मुंबईत याच घराण्याच्या जीप जोडायला घेतल्या. त्या काळचा डायनॅमो इंजिन मंद चालत असताना चार्जिंग जवळपास देतच नसे, त्यामुळे बॅटरी बसणं हे रोजचंच. पण पुढच्या बंपरमधून हँडल घालायचं, दोन फेरे मारायचे, की इंजिन घरघरायला लागायचं. ज्याच्या मनगटात जोर आहे त्याला दुसऱ्या बॅटरीची गरजच काय? 1950 च्या अमेरिकी लष्करी एम-38 जीपला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या खऱ्या, पण त्या 24 व्होल्टसाठी एकामागे एक जोडलेल्या. उतरायच्या त्या दोघी मिळून. आज आपण ज्याला ड्युअल बॅटरी म्हणतो ती ही नव्हे.

ऐंशीच्या दशकात एमएम 540 आली आणि डिझेल जीप सगळीकडे दिसू लागली. प्युजोच्या बनावटीच्या त्या डिझेल इंजिनाला आधी हीटर तापवावा लागे, मग सेल्फ मारायचा. थंडीच्या पहाटे जुन्या बॅटरीचा निम्मा जीव हीटरमध्येच जायचा. जव्हार-मोखाड्याच्या वाटांवर खचाखच भरून धावणाऱ्या कमांडर जीपचे ड्रायव्हर म्हणूनच रात्री गाडी उतारावर लावत. सकाळी ब्रेक सोडायचा, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, झालं. एकदा चालू झालं की यांत्रिक पंपाच्या त्या इंजिनाला विजेचं फारसं काम उरत नसे. उतार होता तोवर दुसऱ्या बॅटरीवर पैसे घालवणं मला आजही शहाणपणाचं वाटत नाही.

समुद्राकडे मात्र हिशेब पूर्वीपासून वेगळा. किनाऱ्यापासून दूर इंजिन थांबलं आणि दिव्यांनी, वायरलेसने बॅटरी खाल्ली, तर धक्का मारायला तिथे कोण येणार? म्हणून बोटींच्या दुनियेत इंजिनाची बॅटरी वेगळी आणि बाकीच्या उपकरणांची वेगळी, ही जुनी रीत आहे. दोन बॅटऱ्यांचं खरं तत्त्व इतकंच: एक काहीही झालं तरी इंजिनासाठी राखून ठेवायची.

हे तत्त्व आपल्या गाड्यांना लागू झालं ते थारमुळे. 2010 च्या थारमध्ये सीआरडीई, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजिन आलं. त्यातला कॉम्प्युटर जागा व्हायलाच पुरेसे व्होल्ट लागतात, त्यामुळे बॅटरी पार मेली असेल तर उताराचाही उपयोग नाही. 2 ऑक्टोबर 2020 ला नवी थार आली, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही घेऊन. ऑटोमॅटिक गाडी धक्क्यावर चालू होतच नाही. हँडल गेलं होतंच, आता उतारही गेला.

त्याच सुमारास गाडीत फ्रिज आला. ऑस्ट्रेलियात वाळवंटी प्रवासासाठी रूढ झालेलं हे खूळ आपल्याकडेही पसरलं. हिशेब मांडून बघा. 45 वॉटचा फ्रिज चालू असताना साधारण 4 अँपिअर ओढतो. निम्मा वेळ चालला तर सूर्यमाळला मुक्कामाच्या 12 तासांत 24 अँपिअर-तास खर्च. गाडीची बॅटरी साधारण 65 ची. म्हणजे पहाटे तिच्यात साठ टक्क्यांच्या आसपास उरतं, बॅटरी नवी असेल तर! तीन उन्हाळे खाल्लेली असेल तर सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक. शिवाय सेल्फच्या बॅटरीच्या प्लेट पातळ असतात. क्षणभर शेकडो अँपिअर द्यायला त्या बनवलेल्या असतात, रात्रभर थोडंथोडं द्यायला नाही. पुन्हापुन्हा अशा उतरवल्या की त्या लवकर मरतात.

दिव्यांचा प्रश्न मात्र एलईडीने सोडवला. 100 वॉटचे चार हॅलोजन 33 अँपिअर खात. आज तेवढा उजेड थोड्या करंटवर मिळतो. मुठीएवढा लिथियम जंप स्टार्टरही मिळू लागला. म्हणून सकाळी निघून रात्री घरी परतणाऱ्याला मी दुसरी बॅटरी घेऊ नकोस असंच सांगतो. खाऱ्या हवेत आपल्याकडे टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी धरते. ती गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लाव, आणि गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 व्होल्ट दाखवते का ते बघ. 12.2 दिसले तर ती निम्मी रिकामी आहे.

मुक्काम, फ्रिज, लॅपटॉप असेल तर दुसरी बॅटरी हवीच. पण ती नीट जोडलेली असावी. दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणाऱ्या जुन्या डायोड आयसोलेटरमध्ये 0.7 व्होल्ट वाटेतच जातात आणि दुसरी बॅटरी कधी पूर्ण भरत नाही. नंतर आलेले रिले 13.3 व्होल्टच्या आसपास दोघींना जोडतात आणि 12.8 ला तोडतात. जुन्या थारला ते चालतात. अनेक बीएस 6 गाड्यांचा अल्टरनेटर मात्र गरजेप्रमाणे व्होल्टेज खाली आणतो, तिथे व्होल्टेज पुन्हा चढवून देणारा डीसी-डीसी चार्जर लागतोच. लिथियम बॅटरी बॉनेटखाली कधीच ठेवू नये, आपल्या मे महिन्यात तर नाहीच. ती सीटमागे जाते, म्हणजे लांब केबल आली. त्या केबलच्या दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरावर, फ्यूज असलाच पाहिजे. खडकाळ वाटेवर पत्र्याला घासून केबल सोलली गेली आणि फ्यूज नसेल, तर गाडी पेटायला काही क्षण पुरतात. वायरमन म्हणेल, पुढचा एक फ्यूज बास. दुसरा लावल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.