मणक्यातील कर्करोगाची वेदना : स्वरूप व व्यवस्थापन

प्रस्तावना

अंबरनाथ व बदलापूर यांच्या दरम्यान वसलेल्या चिखलोली परिसरात पाठदुखी ही इतकी सर्वसामान्य तक्रार आहे की, तिचे कारण लोकलच्या प्रवासात किंवा कारखान्यातील उभ्याच्या कामात शोधले जाते. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु ज्या व्यक्तीस पूर्वी स्तन, फुप्फुस अथवा प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झालेला आहे, तिच्या नव्याने उद्भवलेल्या पाठदुखीला 'नस दबली' असे समजून मालिश करीत राहणे धोक्याचे ठरते. प्रस्तुत लेखात या वेदनेची कारणे व तिच्या व्यवस्थापनाचे मार्ग यांचा विचार केला आहे.

वेदनेचे स्वरूप

कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे मणक्यांत पोहोचतात. पाठीच्या कण्याभोवतीच्या शिरांना झडपा नसल्याने त्यांतील रक्त दोन्ही दिशांना वाहू शकते व हा एक मार्ग ठरतो, असे ऑस्कर बॅटसन यांनी १९४० साली मांडले. छातीच्या भागातील मणके सर्वाधिक बाधित होतात. ही वेदना साधारणतः तीन प्रकारची असते. हाडातील सूज व ताण यांमुळे होणारी खोल वेदना रात्री, आडवे झाल्यावर वाढते. श्रमजन्य पाठदुखी विश्रांतीने कमी होते, हा दोहोंतील महत्त्वाचा भेद होय. मणका खचल्यास हालचालीने कळ येते. मज्जातंतूचे मूळ दाबले गेल्यास पट्टा आवळल्यासारखी किंवा पायात उतरणारी वेदना होते.

पायांतील अशक्तपणा, बधिरपणा, लघवी अडणे ही मज्जारज्जू दाबला जात असल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट पाहणे योग्य नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठून एमआरआय तपासणी व्हावी लागते, कारण चालणे एकदा बंद पडल्यावर ते परत येण्याची शक्यता फारच कमी असते. डेक्सामेथासोन, रेडिएशन व निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया हे त्यावरील उपचार होत.

व्यवस्थापन

मज्जारज्जूवर दाब नसलेल्या वेदनेसाठी रेडिएशन प्रभावी आहे. ८ ग्रे इतकी एकच मात्रा वेदनाशमनासाठी अनेक दिवसांच्या उपचाराइतकीच उपयुक्त असल्याचे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे. मात्र काही रुग्णांना ती पुन्हा द्यावी लागते. हा मुद्दा आपल्या परिसरासाठी केवळ तांत्रिक नाही. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) येथून रेल्वेने सुमारे ५० किलोमीटर आहे. खचलेल्या मणक्याच्या रुग्णाने हा प्रवास एकदा करणे व दहा वेळा करणे यांतील अंतर त्याच्या घरच्यांनाच कळते. तेव्हा एका मात्रेची शक्यता डॉक्टरांना अवश्य विचारावी. आराम पडण्यास काही आठवडे लागू शकतात व पहिले काही दिवस वेदना वाढूही शकते, याची पूर्वकल्पना असावी. झोलेड्रॉनिक आम्लासारखी औषधे हाडांची झीज रोखतात.

मॉर्फिनविषयीची भीती

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली वेदनाशामकांची तीन पायऱ्यांची शिडी मांडली. त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन हे देशातील पहिले हॉस्पिस सुरू झाले. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील क्लिष्ट परवान्यांमुळे वैद्यकीय मॉर्फिनचा वापर १९९७ पर्यंत सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. ज्या देशात अफू कायदेशीररीत्या पिकते, तेथील रुग्णांनी वेदनेने तळमळावे, हा विरोधाभास लेखकास अस्वस्थ करणारा वाटतो. २०१४ च्या दुरुस्तीने हे नियम सुटसुटीत झाले.

घरातील भीती मात्र निराळी असते. 'मॉर्फिन म्हणजे शेवट' किंवा 'सवय लागेल' असे म्हणून गोळ्या कपाटात ठेवल्या जातात. वास्तविक वेदनेसाठी, वैद्यकीय देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन जडण्याचे प्रमाण कमी आहे. साधी गोळी दर चार तासांनी, वेदना उसळण्याची वाट न पाहता, घ्यावयाची असते. तिच्यामुळे बद्धकोष्ठता जवळजवळ हमखास होत असल्याने रेचक पहिल्या दिवसापासूनच सोबत द्यावे लागते. मळमळ व गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. मज्जातंतूच्या वेदनेसाठी गॅबापेंटिनची जोड दिली जाते. आराम वाटला म्हणून औषध स्वतःहून एकदम बंद करू नये. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते.