पिल्लं विकत कोण घेणार?

इमूपालनाच्या जाहिरातीतला हिशेब कागदावर चोख असायचा. मादी हंगामाला वीसेक अंडी घालते, पिल्लांना भाव चांगला, म्हणजे दोन-तीन वर्षांत गुंतवणूक वसूल. पण ही पिल्लं घेत होतं कोण? मांस खाणारं गिऱ्हाईक जवळपास नव्हतंच. घेत होते ते नवे इमूपालकच.

तोच गुणाकार पुढे नेऊन बघा. एका जोडीची 10 पिल्लं जगली तर 5 जोड्या. पक्षी वयात यायला साधारण दोन वर्षं. 100 जोड्यांच्या 500, मग 2,500, तिसऱ्या पिढीत 12,500. इतके नवे पालक आणायचे कुठून? 2012 साली तमिळनाडूतल्या पेरुंदुराईची मोठी इमू कंपनी कोसळली. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबडीच्या योजनेतही शेतकऱ्यांचे पैसे असेच बुडाले.

कर्ज काढून शेड उभारणाऱ्यांना मूर्ख ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. शेजाऱ्याला कंपनीकडून पहिले हप्ते वेळेवर मिळालेले असतात, आणि तोच पुरावा वाटतो. खरं तर त्यातून एवढंच कळतं की नवी भरती अजून थांबलेली नाही. म्हणून परत खरेदीची हमी देणाऱ्या कंपनीकडे आधी मागावीत ती विक्रीची बिलं: स्वतः पक्षी न पाळणाऱ्या गिऱ्हाइकाला गेल्या वर्षी किती किलो मांस विकलं, आणि काय भावाने?