रुग्णाच्या विस्मृतीची साक्ष

अपस्माराचे झटके कोणत्याही औषधाला दाद देईनात, म्हणून १९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंमधून हिप्पोकॅम्पसचा पुष्कळसा भाग काढून टाकला. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, परंतु तेव्हापासून २००८ साली मृत्यू येईपर्यंत भेटलेल्या माणसांची आणि घडलेल्या प्रसंगांची नोंद त्याच्या मनात जवळजवळ टिकलीच नाही. मॉन्ट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून दोन रेघांमधून ताऱ्याची आकृती गिरवावयास दिली, तेव्हा तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला. मात्र हे काम आपण पूर्वी केले आहे याची त्याला गंधवार्ताही नसे. प्रसंगांची स्मृती आणि हाताच्या कसबाची स्मृती या भिन्न आहेत, हे त्यातून प्रथमच स्पष्ट झाले.

आमच्या दिंडोरीकडे हे फार समजावून सांगावे लागत नाही. नातवाचे नाव हरपलेले, जेवण झाले की नाही हे पुन्हा पुन्हा विचारणारे एखादे आजोबा गोडी छाटणीच्या दिवसांत द्राक्षबागेत उभे केले, तर काडी बोटांत धरून, डोळा पाहून, नेमक्या जागी कात्री चालवू शकतात.

परंतु एवढ्या पुराव्यावर निरोगी स्मृतीचा निवाडा करावा काय? वाघाड धरणाच्या पाण्यावर ज्यांची शेती आहे त्यांना पुरते ठाऊक आहे की चारी मध्येच फुटली म्हणजे टेलचे शेत कोरडे पडते. म्हणून पाणी त्या फुटलेल्या जागीच उत्पन्न होत होते, असे कोणी म्हणत नाही. शिवाय मोलेसनचा मेंदू शस्त्रक्रियेपूर्वीच अपस्माराने ग्रासलेला होता, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्याच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग बराच शिल्लक असल्याचे, तसेच कपाळामागील भागात एक लहानशी इजा असल्याचेही आढळले.

एका रुग्णाची साक्ष म्हणूनच दुसऱ्याच्या साक्षीशी ताडून पाहावी लागते. १९६९ साली एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी वर्णिलेल्या एका रुग्णाला ऐकलेले एक-दोन आकडेच कसेबसे परत म्हणता येत, परंतु नवी गोष्ट शिकून ती दीर्घकाळ ध्यानात ठेवणे त्याला साधत असे. मोलेसनची अवस्था नेमकी याच्या उलट होती. तात्कालिक आणि दीर्घकालीन स्मरण एकाच शक्तीच्या कमीअधिक मात्रा नव्हेत, हा निष्कर्ष या दोघांना शेजारी ठेवल्यावरच बळकट होतो, आणि माझ्या मते रुग्णांनी मानसशास्त्राला दिलेले याहून मोठे दान नाही.

तथापि स्मृती कशावाचून चालत नाही हे रुग्ण सांगतो. ती धडधाकट असताना काय करते, हे धडधाकट माणसालाच विचारावे लागते. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरोगी वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा देऊन ती पुन्हा पुन्हा आठवावयास लावली होती, तेव्हा त्यांनी अपरिचित तपशील गाळले, विसंगत प्रसंगांना आपल्या पदरची कारणे जोडली, आणि हा सर्व फेरफार आपण केला आहे याची जाणीव त्यांना बहुधा नव्हती.