सुरतेच्या जुन्या शहरात

विद्यार्थीमित्रहो, सुरतेची लूट आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचली आहे. पण ती जेथे घडली ते जुने शहर आपल्या गोडादऱ्यापासून फार दूर नाही. चला, एक फेरी मारू.

प्रथम तापीकाठचा किल्ला पाहावा. पोर्तुगीजांच्या स्वाऱ्यांना आळा घालण्यासाठी सोळाव्या शतकात खुदावंदखानाने तो बांधविला. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजीमहाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा मोगल अधिकारी इनायतखान रयतेला वाऱ्यावर सोडून ह्याच भिंतींआड दडला. त्या वेळी शहराला भक्कम तटही नव्हता; विटांचा तट पुढे उभारला गेला. लुटीच्या धामधुमीतही महाराजांनी पाद्री अँब्रोझच्या घराला धक्का लावला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो.

जवळच १६४४ ची मोगल सराई आहे. यात्रेकरूंच्या ह्या मुक्कामाच्या जागी आज महानगरपालिकेचा कारभार चालतो.

शेवटी कतारगाम दरवाज्याकडील इंग्रजांच्या दफनभूमीत जावे. लुटीच्या दिवसांत आपली वखार नेटाने राखणारा जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये सुरतेतच वारला. तो येथे आपल्या भावासह चिरनिद्रा घेत आहे. वर दुमजली घुमटाकार इमारत, अगदी मोगली थाटाची! व्यापाऱ्याचीच कबर ती, पण एखाद्या नबाबाची वाटावी.