‘प्रिपेन्स’ : तराजूतून आलेला शब्द

शब्दांची कुळे शोधणे हा पंडितांचा फावल्या वेळचा छंद, असे पुष्कळांना वाटते. परंतु एखाद्या शब्दावर माणसाचा प्राणही अवलंबून असू शकतो. इंग्लंडच्या जुन्या फौजदारी कायद्यातील ‘प्रिपेन्स’ हा असाच शब्द होय. ‘मॅलिस प्रिपेन्स’ म्हणजे आधीच मनात योजून ठेवलेला दुष्ट हेतू.

या शब्दाचे मूळ शोधू लागलो की आपण तराजूपाशी येतो. लॅटिन ‘पेन्सारे’ म्हणजे तोलणे. त्यावरून विचार करणे या अर्थाचा फ्रेंच ‘पाँसे’ निघाला. विचार म्हणजे मनातल्या मनात तोलणेच की! आपणही ‘तोलून बोलावे’ असे म्हणतो. आपल्या ओळखीचे ‘पेन्शन’ही याच घराण्यातले, कारण एके काळी पैसे तोलून देत. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे तेथील न्यायालयांत फ्रेंच भाषा रुजली. तिच्यातल्या ‘पुर्पाँसे’, म्हणजे मनात योजणे, या क्रियापदापासून हा शब्द आला. विशेषण नामामागून येते, ही ढबही फ्रेंचच. कालांतराने ‘पुर’चे ‘प्रि’ झाले आणि ‘आधी’ हा अर्थ शब्दाच्या तोंडावरच दिसू लागला.

आता यात प्राणाचा प्रश्न कोठे आला? १३९० च्या कायद्याने असे ठरविले की, दबा धरून किंवा ‘मॅलिस प्रिपेन्स’ने केलेला वध माफीपत्रात स्पष्ट नमूद नसेल, तर ती माफी चालणार नाही. वाचता येणाऱ्या गुन्हेगाराला धर्मोपदेशकांची सवलत मिळून फाशी टळत असे. सोळाव्या शतकातील कायद्यांनी अशा खुन्यांची तीही सवलत काढली. भांडणाच्या भरात मारणारा अंगठ्यावर डाग घेऊन सुटे, योजून मारणारा फासावर जाई. वध तोच, फरक मनातल्या तराजूचा.

आज इंग्लंडमध्ये त्याच कल्पनेचे ‘मॅलिस अफोरथॉट’ हे नाव उरले आहे. मात्र त्यासाठी ना द्वेष लागतो, ना पूर्वयोजना. ठार मारण्याचा किंवा गंभीर इजा करण्याचा हेतू पुरतो. शब्द राहिला, अर्थ सरकला.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेने खुनाच्या व्याख्येत हा शब्दप्रयोग घेतलाच नाही. हेतू आणि जाणीव यांवर भर दिला. तरीही अचानक उद्भवलेल्या भांडणाच्या अपवादात ‘पूर्वयोजनेवाचून’ ही अट आलीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्येही ती कायम आहे. हात उगारण्यापूर्वी या माणसाने मनात तोलले होते काय, हा जुना प्रश्न न्यायासनापुढे आजही उभा राहतोच.