मुक्कामाची जागा आणि तिच्यावरचा हक्क

प्रवासात रात्र काढण्याच्या जागांची तुलना बहुधा भाडे, खाटा, स्नानगृह आणि वातानुकूलन यांवरून केली जाते. परंतु धर्मशाळा, लॉज, विश्रामगृह आणि घरगुती निवास यांच्यातील मूळ भेद सोयींचा नसून, ती वास्तू कोणासाठी उभी राहिली आणि उतरणाऱ्याला तेथे कोणत्या नात्याने जागा मिळते, याचा आहे. एरवी मनमानी वाटणारे त्या त्या ठिकाणचे नियम या नात्यातूनच आलेले असतात.

दानातून उभी राहिलेली आणि नफ्यासाठी न चालवली जाणारी वाटसरूंची वास्तू म्हणजे धर्मशाळा. अहिल्याबाई होळकरांनी आपल्या राज्याच्या सीमेपलीकडेही, देशभरच्या तीर्थक्षेत्री घाट आणि विहिरींबरोबर धर्मशाळा बांधल्या, आणि पुढे व्यापारी, संस्थानिक व ज्ञातिसंस्था यांनी ही परंपरा चालवली. मात्र हे दान सर्वांना सारखे खुले नव्हते. अनेक धर्मशाळा एकेका ज्ञातीसाठी राखलेल्या असत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या यात्रेकरूला पंढरपुरासारख्या ठिकाणीही छप्पर मिळणे दुरापास्त होते. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे उभारलेल्या धर्मशाळांचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर नेमक्या याच वंचित यात्रेकरूंसाठी होती, आणि पुढे त्यांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली. धर्मशाळेचा इतिहास केवळ पुण्यकर्माचा इतिहास म्हणून सांगितला, तर त्यातील हा संघर्षच गळून जातो.

शिर्डी किंवा शेगाव येथील भक्तनिवास हे धर्मशाळेचेच आजचे, संस्थानाच्या व्यवस्थापनाखाली आलेले रूप होय. तेथे उतरणारा हा ग्राहक नसून भाविक असतो, म्हणून दर अल्प असतो. आणि मागून येणाऱ्यालाही जागा मिळावी, म्हणून अशा ठिकाणी मुक्कामाच्या दिवसांवर सहसा मर्यादा असते. भक्तनिवासाला स्वस्त हॉटेल समजून तेथे हॉटेलच्या सेवेची अपेक्षा धरणे हे दात्यांवर आणि सेवेकऱ्यांवर अन्याय करणारे आहे.

लॉज आणि हॉटेल ही मात्र उघड व्यवहाराची ठिकाणे आहेत. लॉजमध्ये मुख्यतः खोली भाड्याने मिळते, आणि जेवणाचीही सोय असेल तर पाटीवर ‘लॉजिंग-बोर्डिंग’ असे लिहिलेले असते. उताऱ्याचा दिवस कसा मोजला जातो, हा येथे विचारून घेण्याचा मुद्दा आहे. अनेक लहान शहरांतील लॉज प्रवासी आल्यापासून चोवीस तास मोजतात, तर मोठ्या हॉटेलांत खोली सोडण्याची वेळ दुपारी बारा अशी ठरलेली असते. साहजिकच रात्री अकराला पोहोचणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीत पूर्ण भाड्यात जेमतेम तेरा तास मिळतात. हॉटेलांना एक ते पाच तारे देण्याचे काम केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती करते. हे वर्गीकरण ऐच्छिक असून पाच वर्षांपुरते असते, त्यामुळे तारा नसलेले हॉटेल निकृष्टच असेल असे मानण्याचे कारण नाही.

शासकीय विश्रामगृहात हक्क पदाचा असतो. ब्रिटिश काळात टपालाच्या मार्गांवर बांधलेले डाक बंगले आणि दौऱ्यावरील अधिकाऱ्यांसाठीची सर्किट हाउसे यांतून ही व्यवस्था वाढली. आजही तेथे शासकीय कामासाठी आलेल्यांना अग्रक्रम असल्याने सामान्य प्रवाशाने त्यांवर सारी भिस्त ठेवू नये. युवा वसतिगृहात आधार सदस्यत्वाचा असतो आणि खोलीऐवजी सामायिक दालनातील एक खाट मिळते. १९१२ साली जर्मनीतील आल्टेनाच्या किल्ल्यात सुरू झालेल्या या चळवळीची भारतीय संघटना १९४९ पासून कार्यरत आहे.

कोकणात अलीकडे फोफावलेल्या घरगुती निवासाचा, म्हणजे होमस्टेचा, जुना नमुना तीर्थक्षेत्रीच सापडतो. त्र्यंबकेश्वरला विधीसाठी गेलेली कुटुंबे उपाध्यायांच्या घरी उतरत आणि तेथेच जेवत आली आहेत. केंद्र सरकारच्या न्याहारी-निवास योजनेत घरमालकाने कुटुंबासह त्याच वास्तूत राहावे आणि पाहुण्यांसाठी सहापेक्षा जास्त खोल्या व बारापेक्षा जास्त खाटा नसाव्यात, अशी अट घातली गेली, आणि होमस्टेचा सारा अर्थ या अटीत आहे. मालक पुण्या-मुंबईत आणि किल्ल्या राखणदाराच्या हाती, अशी आज अनेक ठिकाणी दिसणारी स्थिती असेल, तर ते घर पाटीवर काहीही लिहिले तरी लॉजच ठरते, आणि प्रवाशाने त्याचे भाडे व सुरक्षितता लॉजच्याच कसोटीवर पारखावी.

धर्मशाळेची निकड आज तीर्थक्षेत्रापेक्षाही मुंबईतील रुग्णालयांच्या परिसरात अधिक तीव्र आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी विदर्भ-मराठवाड्यातून किंवा परराज्यांतून आलेल्या कुटुंबाला कित्येक आठवडे मुक्काम करावा लागतो, आणि लॉजचे दर इतके दिवस पेलणे बहुतेकांना अशक्य असते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते; येथे जागेवरचा हक्क भाविकपणाने किंवा पैशाने नव्हे, तर आजारपणाने सिद्ध होतो.