शिलेदाराचे शस्त्र आणि बारगिराचे शस्त्र



शिंप्याने अंगरखा काखेत तंग शिवला, किंवा नव्या वहाणेचा अंगठा आठवड्याच्या आत तुटला, म्हणजे आपण तो जिन्नस हातात घेऊन पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढतो. चार शब्द आपण बोलतो, दोन तो बोलतो, आणि बहुधा फुकट दुरुस्ती करून देण्यावर तंटा मिटतो. बंदुकीचे किंवा तोफगोळ्याचे काम वाईट झाले तर हा सरळ मार्ग उपयोगी पडत नाही. तेथे दोष उघडकीस येतो तो चाप ओढण्याच्या क्षणी, आणि त्या क्षणानंतर तक्रार घेऊन परत जाण्यास गिऱ्हाईक उरेलच अशी खात्री नसते. म्हणून शस्त्र घडविणारा आणि ते वापरणारा यांच्यातील तंटा कसा उद्भवतो व तो कोणत्या रीतीने तोडावा, एवढ्याचाच विचार आज करावयाचा आहे.

हा विषय मनात आला तो देहूरोडमुळे. पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना लागणारे हे स्टेशन पुष्कळांस तुकोबांच्या देहूस जाण्याचे ठिकाण म्हणूनच ठाऊक असते. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराची भांडारे उभी राहिली, आणि १९८० नंतरच्या दशकात दारूगोळ्याचा सरकारी कारखानाही आला. धूर सोडणारी, इशारा देणारी आणि रात्री उजेड पाडणारी दारूकामे ही त्याची विशेष कामगिरी. थोड्या अंतरावर खडकीस १८६९ साली स्थापन झालेला दारूगोळ्याचा जुना कारखाना आहेच. तेव्हा माल घडविणारा आणि माल साठविणारे गिऱ्हाईक असे दोघेही येथे शेजारी नांदतात. देहूरोडच्या दारूगोळा भांडाराभोवती २,००० यार्डांचा, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटरचा, निर्बंधित पट्टा आखला गेला. निगडी-तळवड्याच्या बाजूस घर बांधू पाहणाऱ्या कुटुंबांस ‘रेड झोन’ हे त्याचे नाव चांगलेच परिचयाचे आहे. कारखान्यातील कारागिरी चोख आहे की नाही, हा प्रश्न केवळ सैनिकाचा नसून शेजारच्या गृहस्थाचाही आहे, हे त्या पट्ट्यावरून कळून यावे.

आता मुख्य विषयाकडे वळू. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार आपला घोडा व आपले हत्यार स्वतः आणी. बारगिरास ही दोन्ही सरकारातून मिळत. इतिहासाच्या पुस्तकात हा भेद आपण पाठ केलेला असतो, पण त्यातील एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. शिलेदार कारागिराकडे स्वतः जाई. तलवारीचे पाते वाकवून पाही, बंदुकीच्या नळीत डोकावून पाही, मनास न आल्यास माल परत करी. त्याचा तंटा समोरासमोरचा होता. बारगिराच्या हाती जे पडे ते त्याने निवडलेले नसे, त्याचे मोलही त्याने दिलेले नसे. आणि तरीही ते फुटले तर हात त्याचाच जाई. पैसा एकाचा आणि जीव दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था होय. आजच्या सर्व जगातील सैनिक ह्या अर्थाने बारगीरच आहे. त्याच्या वतीने कारागिराशी भांडावयाचे कोणी, हाच ह्या विषयाचा गाभा.

जुन्या काळी ह्यावर एक उपाय होता, तो कारागिराच्या नावाचा. विजापूरच्या बुरुजावरील ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ १५४९ साली अहमदनगर येथे निजामशाहीत ओतली गेली, आणि ती ओतणाऱ्या महंमद बिन हुसेन रूमी याचे नाव तिच्यावर कोरलेले आहे. ज्याने आपले नाव धातूवर उमटविले, त्याला काम बिघडल्यास तोंड लपवावयास जागा राहत नाही. परंतु नाव म्हणजे जबाबदारीची कबुली, परीक्षा नव्हे. परीक्षेची पद्धत निराळी आहे.

बंदुकीच्या नळीची परीक्षा घेताना नेहमीच्या मापापेक्षा जास्त दारू भरतात, माणसाने दूर उभे राहावयाचे व ती उडवावयाची. नळी टिकली तर तिच्यावर शिक्का मारावयाचा. फुटली तर कारागिराचे नुकसान, पण कोणाचा प्राण जात नाही. लंडनच्या बंदूक घडविणाऱ्यांच्या मंडळीस १६३७ साली राजाची सनद मिळाली, तेव्हापासून असा शिक्का मारण्याचा परिपाठ तेथे रूढ झाला. बर्मिंगहॅम येथे १८१३ साली कायद्याने स्वतंत्र परीक्षागृह स्थापन झाले. शिक्का मारणारा विकणाऱ्या दुकानाचा नोकर नसावा, ह्या तत्त्वात त्या पद्धतीचे सारे बळ आहे.

हे तत्त्व विसरले म्हणजे काय होते, त्याचे उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी ‘प्रिन्स्टन’ नावाच्या नव्या युद्धनौकेवर पोटोमॅक नदीत मोठी मेजवानी होती. जहाजाचा कप्तान स्टॉकटन याने आपल्या देखरेखीखाली घडविलेली एक प्रचंड लोखंडी तोफ पाहुण्यांस उडवून दाखविली. तिचे नाव, योगायोगाने, ‘शांतिकर्ता’ असे होते. तिची पुरेशी परीक्षा झालेली नव्हती. दुपारी चारच्या सुमारास तिचा मागील भाग फुटला, आणि परराष्ट्रमंत्री व नौकामंत्री यांसह सहा माणसे ठार झाली. राष्ट्राध्यक्ष टायलर त्या वेळी खालच्या मजल्यावर होते म्हणून बचावले. घडविणारा, विकत घेणारा आणि प्रशंसा करणारा हे सारे एकाच मेजवानीत बसले होते. खोट काढणारा मात्र तेथे कोणी नव्हता.

नळीची परीक्षा घेता येते, कारण नळी परीक्षेनंतर शिल्लक राहते. गोळ्याचे तसे नाही. गोळा उडवून पाहिला की तो संपला. म्हणून तेथे आपल्या घरातील गृहिणीची रीत पत्करावी लागते: शितावरून भाताची परीक्षा. एका वेळी, एकाच कच्च्या मालातून, एकाच रीतीने तयार झालेल्या गोळ्यांचा एक गट करतात. कारखान्यात त्यास ‘लॉट’ म्हणतात. आपण त्यास घाणा म्हणू. त्या घाण्यातील थोडे नग उडवून पाहावयाचे व त्यावरून सर्वांचा निर्णय करावयाचा. परंतु शिताची म्हण खरी ठरते ती सारा भात एकाच आचेवर शिजला असेल तरच. दोन निरनिराळी भांडी एकत्र ओतून वरचे एक शीत चेपून पाहिले, तर तळाशी कच्चा राहिलेला भात कळावयाचा नाही.

दोष तरी कसे असतात? तूप कढवून भांड्यात ओतले आणि ते थिजले, म्हणजे मधोमध खळगा पडतो, हे आपण पाहिले असेल. टीएनटी हे स्फोटक द्रव्यही असेच वितळवून गोळ्यात ओततात. थंड होताना ते आकसते, आणि पुरेशी काळजी न घेतल्यास आत पोकळी राहते. तोफ उडताच गोळ्यास एवढा जबर धक्का बसतो की ती पोकळी एकाएकी दबते, आतील हवा तापते, आणि गोळा शत्रूवर जाण्याऐवजी तोफेच्या नळीतच फुटू शकतो. बाहेरून पाहणाऱ्यास पोकळी दिसत नाही. तिच्यासाठी क्ष-किरणांनी आतले चित्र घ्यावे लागते. दुसरा दोष द्रव्याच्या अशुद्धतेचा. शुद्ध टीएनटी सुमारे ८० अंश सेंटिग्रेडला वितळते. पण त्यात अशुद्ध भाग राहिले तर उन्हाळ्याच्या उष्म्यातही ते तेलासारखे पाझरू लागते, आणि तो पाझर धोकादायक असतो.

ह्या पाझराची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटेपूर्वी आग लागली आणि स्फोट झाला. १९ माणसे प्राणास मुकली. तेथे साठविलेल्या रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक द्रव्य पाझरत असल्याचे पुढे निष्पन्न झाले.

सप्टेंबर २०२० मध्ये लष्कराच्या एका अंतर्गत अहवालाचा वृत्तांत वृत्तपत्रांत आला, आणि गिऱ्हाईक व कारागीर यांचा तंटा चव्हाट्यावर आला. लष्कराचे म्हणणे असे की, २०१४ पासून सदोष दारूगोळ्यामुळे सुमारे ९६० कोटी रुपयांचे नुकसान झाले. त्यांपैकी सुमारे ६५८ कोटींचा माल मुदत संपण्यापूर्वीच निकालात काढावा लागला आणि सुमारे ३०३ कोटींचे सुरुंग पुलगावच्या अपघातानंतर नष्ट करावे लागले. अपघातांची संख्या ४०३ सांगितली गेली. माल पुरविणाऱ्या आयुध निर्माणी मंडळाने उत्तर दिले की, २०१५ ते २०१९ या काळातील अपघातांपैकी केवळ १९ टक्के आमच्या मालाच्या दोषामुळे घडले. बाकीच्यांची कारणे साठवण, हाताळणी, तोफांची निगा इत्यादिकांत शोधावी.

ह्या उत्तरास निव्वळ बचाव म्हणून झिडकारणे योग्य नव्हे. गिऱ्हाईकासही कर्तव्य असते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त किल्ल्यावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, आणि हवालदाराने ठरावीक दिवसांनी स्वतः जाऊन दारू व बाण बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मोहोरबंद करून ठेवावेत, अशी आज्ञा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेली ही सूचना आजही जुनी झालेली नाही. उत्तम गोळाही ओलीत किंवा उष्म्यात वर्षानुवर्षे पडला तर बिघडतो, आणि त्याचा दोष घडविणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होय.

मग खरे कोणाचे? हे ठरविण्याची सोय कायद्यात आहे. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्याप्रमाणे, गिऱ्हाईकाने आपला हेतू सांगून विक्रेत्याच्या कसबावर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या हेतूस लायक असलाच पाहिजे, अशी अट सामान्यतः न लिहिताही लागू होते. नमुन्यावरून विक्री झाली तर सारा माल नमुन्याबरहुकूम असला पाहिजे. शिवाय वाजवी तपासणीने न दिसणारा दोष निघाल्यास गिऱ्हाईकाचा हक्क बुडत नाही. म्हणजे शितावरून भाताची परीक्षा कायद्यानेही मान्य केली, आणि तळच्या कच्च्या भाताची जोखीम विकणाऱ्यावर टाकली.

परंतु ह्या कायद्याचा उपयोग दोन निरनिराळ्या पक्षांस. आयुध निर्माणी मंडळ हे संरक्षण मंत्रालयाचेच एक अंग होते, लष्करही त्याच मंत्रालयाच्या छत्राखाली, आणि मालाची तपासणी करणारे खातेही तेथलेच. एकाच घरातील भावांनी एकमेकांवर दावा लावावा कसा? १ ऑक्टोबर २०२१ रोजी हे मंडळ मोडून त्याचे ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटून दिले. दारूगोळ्याचे १२ कारखाने, त्यांत देहूरोड व खडकी आलेच, ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ ह्या कंपनीकडे गेले. तिचे मुख्य ठाणे पुणे येथे आहे. आता कागदावर तरी घेणारा व देणारा निरनिराळे झाले. ह्या बदलास कामगारांच्या संघटनांनी विरोध केला, आणि त्यांची पोटापाण्याची चिंता खोटी नव्हती. पण दोष कोणाचा हे ठरावयाचे, तर करार, मुदत आणि भरपाई यांची भाषा बोलता आली पाहिजे, हेही तितकेच खरे.

तरीही केवळ पाटी बदलल्याने नळी मजबूत होत नाही. तंटा न्यायाने तुटावयाचा तर तीन गोष्टी लागतात. प्रत्येक घाण्याचा क्रमांक व त्यातील राखून ठेवलेले नमुने. भांडारात तो माल किती वर्षे, किती उष्म्यात राहिला याची नोंद. आणि अपघातानंतर तुकडे तपासणारा असा पारखी, की ज्याची नेमणूक ना कारागिराच्या हाती, ना गिऱ्हाईकाच्या. ही तिन्ही असतील तर उगाच आरोपही होणार नाहीत आणि खरा दोष झाकलाही जाणार नाही. चांगल्या कारागिरास ह्यात भय वाटण्याचे कारण नाही. उलट त्याच्या चोख कामाचा तोच दाखला होईल.

शिलेदार आपले हत्यार स्वतः पारखून घेत असे. बारगिरास ती सवड नाही; सरकारातून आलेला गोळा तो विश्वासाने तोफेत भरतो. त्याच्या वतीने नळीत डोकावून पाहणे हे पैसा देणाऱ्यांचे, म्हणजे शेवटी आपणा सर्वांचेच, काम आहे.